अंजदीवचे पाणी

चितेगावात बसून बेटांविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. येथून पश्चिमेचा समुद्र गाठण्यास सह्याद्री ओलांडावा लागतो. आमच्या धर्मग्रामातील अनेक वडीलधाऱ्यांनी समुद्र पाहिलेला नाही, आणि पैठणच्या नाथसागराचा काठ हीच त्यांच्या दृष्टीने पाण्याच्या विस्ताराची परिसीमा. मध्यंतरी धर्मशिक्षणाच्या वर्गात संत पौलाच्या जलप्रवासाचा पाठ चालू असता एका मुलाने विचारले, "फादर, बेटाला चहूकडून पाणीच असते, मग तिथल्या लोकांना टँकर कशाला लागेल?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. परंतु प्रश्न मनात राहिला, कारण चहूकडे पाणी असूनही प्यावयास थेंब नाही ही बहुतेक लहान बेटांची खरी अवस्था. ज्या बेटावर गोडे पाणी आहे, त्याचा इतिहास मात्र इतरांहून निराळा होतो. अशा एका बेटाची हकीकत येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

कारवारच्या किनाऱ्यासमोर, काळी नदीच्या मुखाभोवती आणि त्याच्या दक्षिणेस, काही लहान बेटे विखुरलेली आहेत. कासवाच्या पाठीसारखा आकार म्हणून कुर्मगड. दीपगृहाचे देवगड, ज्यास इंग्रज दर्यावर्दी खडकांवरील कालवांमुळे 'ऑयस्टर रॉक' म्हणत. उत्तरेस मदलिंगगड. आणि कारवारच्या भूशिराच्या दक्षिणेस, बिणगा गावासमोर, या सर्वांत इतिहासप्रसिद्ध असे अंजदीव. 'अंजदीव' म्हणजे पाच बेटे, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. मलयाळी खलाशांच्या भाषेत 'अंजु' म्हणजे पाच. ही पाच नेमकी कोणती मोजावीत, याविषयी मात्र एकमत नाही. दुसरी परंपरा हे नाव आर्यादुर्गा देवीशी जोडते. अंकोल्यास आज जिचे देऊळ आहे ती देवी मूळची या बेटावरची, अशी तिच्या भक्तांची श्रद्धा आहे. टॉलेमीच्या भूगोलातील एका बेटाचे नावही काही विद्वान अंजदीवास लावतात. तो तर्क आम्ही तर्क म्हणूनच नोंदवितो.

अंजदीव लांबीला जेमतेम दीड किलोमीटर; रुंदी त्याहून पुष्कळच कमी. पश्चिमेची, म्हणजे खुल्या समुद्राकडची बाजू खडकाळ व लाटांनी झोडपलेली. पूर्वेची, किनाऱ्याकडची बाजू मात्र सखल, झाडीची, माड उभे राहू शकतील अशी. मध्ये उंचवटा असल्यामुळे पश्चिमेचा वारा अडतो आणि बेटाच्या आड जहाजे निर्धास्त नांगर टाकू शकतात. हा आडोसा ही बेटाची पहिली संपत्ती. दुसरी संपत्ती जळाऊ लाकूड. तिसरी मासळी: बांगडा व तारली यांच्यासाठी कारवारचा किनारा पूर्वीपासून प्रसिद्ध आहे, आणि रापण ओढण्याची तेथील पद्धत आमच्या कोकणी बांधवांना सांगावयास नको. परंतु आडोसा, लाकूड आणि मासळी या किनाऱ्यावर इतरत्रही मिळतात. अंजदीवचे वैशिष्ट्य चौथ्या संपत्तीत आहे, आणि ती म्हणजे बारमाही गोडे पाणी.

हे पाणी येते कोठून? कारवार भागात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे सातशेच्या आसपास पडला तरी आपण देवाचे आभार मानतो. पण पाऊस पडणे वेगळे आणि पाणी राहणे वेगळे. एवढ्याशा खडकाळ बेटावरचा पाऊस काही घटकांत समुद्रास मिळावयाचा. खडकाच्या भेगांत व झिजलेल्या थरात जे मुरते, तेवढेच झऱ्यांच्या रूपाने खाली येते, आणि तेही कोणीतरी अडविले तरच उन्हाळ्यात पुरते. अंजदीवावर कोणीतरी ते अडविले होते. घडीव दगडांचे एक तळे आणि बेटाच्या माथ्यावर दुसरे खोल तळे, हे पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथे उतरलेल्या परदेशी खलाशांनी पाहून लिहून ठेवले आहे. म्हणून या बेटाच्या पाण्यास केवळ 'नैसर्गिक संपत्ती' म्हणणे आम्हास अपुरे वाटते. निसर्गाने पाऊस आणि खडक दिला. तळे मनुष्याने घडविले. मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगराच्या पोटातले पाणी खापरी नळांनी शहरात आणले नसते, तर आपल्या या शहराचे काय झाले असते, याचा विचार करणाऱ्या वाचकास आमचे म्हणणे सहज पटेल. फरक इतकाच की मलिक अंबरचे नाव आपणास ठाऊक आहे. अंजदीवचे दगड कोणी घडविले, त्यांचे नाव कोठेही नाही.

या तळ्याचा पहिला ठळक उल्लेख ज्याच्या लेखणीतून आला, तो आपल्या दौलताबादेसही येऊन गेला होता, ही गोष्ट आम्हास मोठी मौजेची वाटते. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ च्या सुमारास दिल्लीहून निघून दौलताबादमार्गे पश्चिम किनाऱ्यास गेला. देवगिरीच्या किल्ल्यातील बंदीखान्यात मांजराहून मोठे उंदीर आहेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे गोव्याजवळून जाताना त्याचे जहाज एका लहान बेटाशी थांबले. तेथे एक देऊळ, एक बाग आणि पाण्याचे एक तळे होते. देवळाच्या भिंतीस टेकून एक जोगी बसला होता. तो काही बोलेना. त्याने एक आरोळी दिली आणि माडावरचा नारळ त्याच्यापुढे पडला, असे इब्न बतूता सांगतो. मग त्या जोग्याने पाहुण्याच्या हातातील जपमाळ निरखिली. ती त्यास देण्यात आली तेव्हा त्याने ती हुंगली, तिचे चुंबन घेतले, आणि प्रथम आकाशाकडे व नंतर मक्केच्या दिशेने बोट केले. हे बेट अंजदीवच, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. नारळाच्या चमत्काराविषयी आम्ही काही म्हणत नाही. परंतु एका हिंदू जोग्याने एका मुसलमान प्रवाशाची जपमाळ आदराने ओठांस लावली, हे दृश्य रोज संध्याकाळी रोझरी हाती घेणाऱ्या आमच्या वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

दीडशे वर्षांनंतर, सप्टेंबर १४९८ मध्ये, वास्को द गामाची जहाजे कालिकतहून परतताना अंजदीवास आली. त्याच्या सफरीचे जे रोजनामचे उपलब्ध आहे, त्यात घडीव दगडांची एक मोठी इमारत पडक्या अवस्थेत असल्याची नोंद आहे. ती मुसलमानांनी पाडली, असे स्थानिक लोकांनी सांगितले. गवताने शाकारलेला एकच गाभारा शिल्लक होता आणि त्यात तीन काळ्या पाषाणांची पूजा होत असे. रोजनामचेकार या इमारतीस 'चर्च' म्हणतो. हिंदुस्थानात ख्रिस्ती लोकांचेच राज्य आहे अशा समजुतीत ही मंडळी होती. कालिकतच्या देवळातही त्यांनी गुडघे टेकले होते. आज आपणास हसू येते, पण ज्याला जे हवे असते तेच त्यास दिसते, हा दोष त्या खलाशांपुरताच नव्हता. तळ्याबाबत मात्र त्यांची नजर स्वच्छ होती. त्यांनी पिंपे भरली, लाकूड तोडले, जहाजे कलती करून त्यांचे तळ साफ केले. दालचिनी म्हणून काही रानफांद्याही त्यांनी बरोबर घेतल्या.

याच मुक्कामात एक प्रसंग घडला, तो सांगितल्यावाचून आम्हास पुढे जाता येत नाही. एक चाळिशीचा, व्हेनिसची भाषा बोलणारा मनुष्य बेटावर आला आणि आपण गोव्याच्या मुसलमान अधिपतीच्या पदरी आहोत, असे सांगू लागला. तो हेर असावा असा संशय येऊन त्यास फटके मारण्यात आले व कैद करण्यात आले. तो मूळचा यहुदी होता. पुढे त्याचा बाप्तिस्मा होऊन तो 'गास्पार द गामा' झाला, आणि पोर्तुगीजांचा उपयुक्त दुभाषी ठरला. जुन्या मिशनरी इतिहासांत ही कथा परिवर्तनाची म्हणून सांगण्याचा मोह दिसतो. आमच्या मते, जेथे चाबूक आधी आणि पवित्र पाणी नंतर, तेथे परिवर्तन हा शब्द वापरताना इतिहासकाराने, आणि धर्मगुरूने तर अधिकच, जपून राहावे.

५ ऑक्टोबर १४९८ रोजी गामाने बेट सोडले. ईशान्येचे मोसमी वारे अद्याप स्थिर झाले नव्हते. कधी निवांत, कधी उलटा वारा. आफ्रिकेचा किनारा दिसावयास तीन महिन्यांस तीन दिवस कमी इतका काळ लागला. हिरड्या सुजून, रक्तस्रावाने सुमारे तीस माणसे वाटेत मेली. आणखी काही आठवडे ती मंडळी अंजदीवच्या तळ्याकाठी थांबती, तर वारा अनुकूल झाला असता. मोसमाचे हे गणित अरबी आणि गुजराती खलाशांस पिढ्यान्‌पिढ्या पाठ होते. मक्केकडून मलबारास जाणारी जहाजे पाणी व लाकूड घेण्यास येथे थांबतात, ही माहिती पोर्तुगीजांनी त्यांच्याकडूनच घेतली.

आणि लगेच तिचा उपयोगही केला. ऑगस्ट १५०० मध्ये काब्राल याच माहितीच्या आधारे मक्केच्या जहाजांची वाट पाहत येथे सुमारे पंधरा दिवस दबा धरून राहिला. जहाजे आली नाहीत. मात्र त्याच्याबरोबर फ्रायर एन्रिक यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कन संन्यासी होते. बेटावरील एका लहानशा प्रार्थनास्थळी त्यांनी मिस्साबलिदान केले. खलाशांनी पापनिवेदन करून ख्रिस्तप्रसाद स्वीकारला. लुटीची प्रतीक्षा आणि पवित्र मिस्सा, दोन्ही एकाच पंधरवड्यात, एकाच बेटावर! १५०५ मध्ये पहिला व्हाइसरॉय आल्मेइदा याने राजाज्ञेनुसार येथे किल्ला बांधला. पण पाणी असले तरी धान्य नव्हते, सर्व शिधा बाहेरून आणावा लागे, आणि पावसाळ्यात बेट एकाकी पडे. विजापूरकरांच्या बाजूने हल्लाही झाला. दोनेक वर्षांत किल्ला पाडून पोर्तुगीज निघून गेले. ऑगस्ट १५१० मध्ये गोव्यातून मागे हटलेला आल्बुकर्क याच बेटाच्या आश्रयास आला, आणि नोव्हेंबरमध्ये, संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, त्याने गोवा पुन्हा जिंकले. गोवा हाती आल्यावर अंजदीवची निकड संपली.

मुंबईच्या इतिहासात या बेटाचा जो दुःखद अध्याय आहे, तो वसई-मुंबईकडील आमच्या वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्या विवाहाच्या करारान्वये, २३ जून १६६१ रोजी, मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास देण्याचे ठरले. सर अब्राहम शिपमन चारशे-पाचशे सैनिकांनिशी ताबा घेण्यास १६६२ मध्ये आला. पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनिओ द मेलो द कास्त्रो याने कागदपत्रांतील त्रुटी दाखवून मुंबई देण्यास नकार दिला. देऊन टाकलेल्या बेटाचे मोल या भूमीवर राहणाऱ्या पोर्तुगीजांना लिस्बनच्या दरबारापेक्षा अधिक ठाऊक होते. सुरतेस उतरावे तर मोगल सुभेदाराची अवकृपा व्हावयाची, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारवाल्यांना त्या व्यापारावर संकट नको होते. अखेर ही पलटण अंजदीवावर उतरली. घरे नव्हती, पुरेसा शिधा नव्हता, आणि कारवारचा पावसाळा डोक्यावर होता. तळ्यात पाणी भरपूर; पण माणूस केवळ पाण्यावर जगत नाही. तापाने आणि अतिसाराने माणसे मरू लागली. एप्रिल १६६४ मध्ये शिपमन स्वतः मरण पावला. त्याचा चिटणीस हम्फ्रे कुक याने पोर्तुगीजांच्या अटी मान्य केल्या आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा त्या पलटणीतील जेमतेम शंभर माणसे उरली होती. अंजदीवच्या मातीत राहिलेल्या त्या शेकडो तरुणांचे स्मरण मुंबईत कोणी करीत असल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

यानंतर येते ते नाव, जे आज आपल्या जिल्ह्यास आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत कारवारचा मुलूख मराठ्यांच्या प्रभावाखाली होता, आणि अंजदीव ओसाड पडलेले होते. तेथे मराठ्यांचे ठाणे वसविण्याचा महाराजांचा विचार आहे, ही बातमी गोव्यास पोचली. सिद्दीच्या जंजिऱ्याने मराठ्यांना जो त्रास दिला, तो पाहता आपणही एक जलदुर्ग हाती घ्यावा, हा विचार दूरदृष्टीचाच होता. परंतु १६८२ च्या वसंतात व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने तातडीने माणसे पाठवून बेट व्यापले आणि तटबंदी सुरू केली. पुढच्याच वर्षी मराठे व पोर्तुगीज यांचे युद्ध पेटले. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्याच्या दाराशी जुवे बेटाचा किल्ला घेतला, तेव्हा याच व्हाइसरॉयने संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड संताच्या स्वाधीन केला, अशी गोव्यात आजही सांगितली जाणारी कथा आहे. म्हणजे बोम जेझूच्या वेदीपाशी गुडघे टेकणारा तो मनुष्य आणि अंजदीवची शर्यत जिंकणारा मनुष्य एकच. मराठी ख्रिस्ती वाचकाचे मन येथे दोहोंकडे ओढले जाते, हे आम्ही स्वानुभवाने जाणतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

किल्ल्याच्या आत पवित्र मरियेचे चर्च उभे राहिले. 'नोस्सा सेन्योरा दास ब्रोतास' हे तिचे नाव पोर्तुगालमधील ब्रोतास गावच्या तीर्थावरून आलेले. पण गोव्यातील भाविकांनी त्याचा अर्थ 'झऱ्यांची माता' असा लावला. शब्दकोश काहीही म्हणो, ज्या बेटाचे सारे जीवन झऱ्यांवर अवलंबून, तेथील लोकांनी आपल्या मातेस झऱ्यांची स्वामिनी करावे, हे आम्हास अगदी योग्य वाटते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टिपू सुलतानाच्या स्वाऱ्यांच्या भीतीने किनाऱ्यावरची ख्रिस्ती आणि हिंदू कुटुंबे या बेटाच्या आश्रयास आली. ज्या तळ्यावर एके काळी देवीचे पुजारी पाणी भरीत, त्याच बेटाच्या पाण्यावर दोन्ही धर्मांची बिऱ्हाडे जगली. पुढे वस्ती हळूहळू ओसरत गेली. २ फेब्रुवारीचा मातेचा सण आणि ४ ऑक्टोबरचा असिसीकर संत फ्रान्सिसचा सण, एवढ्यापुरती होड्यांची गर्दी उरली.

भोवतालचे राजकारण मात्र बदलत होते. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यास जोडला गेला आणि १९५६ पर्यंत तेथेच राहिला. कारवारचे मराठीशी असलेले नाते त्या शतकभरात अधिक दृढ झाले. समोरचे अंजदीव मात्र पोर्तुगीजच. नोव्हेंबर १९६१ मध्ये बेटावरील पोर्तुगीज शिबंदीने जवळून जाणाऱ्या 'साबरमती' या जहाजावर गोळीबार केला. मच्छिमारांवरही गोळ्या झाडल्या गेल्या व जीवितहानी झाली. देशभर संताप उसळला. १८ डिसेंबर रोजी गोवामुक्तीची कारवाई सुरू झाली, तेव्हा 'त्रिशूल' व 'म्हैसूर' या युद्धनौकांनी अंजदीवास वेढले. उतरलेल्या तुकडीवर तटावरून मारा झाला आणि भारतीय नौदलाचे सात जवान धारातीर्थी पडले. दुसऱ्या दिवशी बेट हाती आले. गोवामुक्तीच्या संग्रामात नौदलाने मोठे मोल मोजले ते या दीड किलोमीटरच्या बेटावर.

पुढे कारवारच्या नाविक तळाची योजना आली. १९८६ मध्ये तिची कोनशिला बसविण्यात आली, आणि मे २००५ मध्ये 'आयएनएस कदंब' हा तळ कार्यान्वित झाला. बिणगा, अरगा, चेंडिये यांसारख्या गावांतील हजारो कुटुंबांना त्यासाठी घरे, शेते आणि रापणीचे किनारे सोडावे लागले. अंजदीव लाटारोधक बांधाने मुख्य भूमीशी जोडले गेले. काब्राल आणि आल्बुकर्क यांनी ज्या आडोशासाठी हे बेट निवडले, त्याच आडोशासाठी आजच्या अभियंत्यांनीही ते निवडले. पाणी आता नळाने आणता येते. आडोसा कोठून आणणार?

नौदलाकडे बेट गेल्यापासून सणाच्या होड्यांची वाट बंद झाली. देशाच्या संरक्षणाच्या गरजेविषयी आमच्या मनात शंका नाही, आणि समुद्रावरील यात्रांचा धोकाही आम्ही जाणतो. २१ जानेवारी २०१९ रोजी शेजारच्या कुर्मगडच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी बोट उलटून सोळा जण बुडाले होते. तरीही गोव्यातील भाविक जी मागणी करीत आले आहेत, ती अवास्तव नाही असे आम्हास वाटते: वर्षातून दोन दिवस, मोजक्या माणसांना, नौदलाच्याच देखरेखीखाली चर्चपर्यंत जाऊ द्यावे. त्यास आमची एक पुस्ती आहे. चर्चच्या भिंतींची डागडुजी करताना पुरातत्त्वज्ञांनी ती दोन तळीही मोजावीत, त्यांच्या घडीव दगडांचा अभ्यास करावा, आणि आर्यादुर्गेच्या भक्तांनाही त्या दिवशी आपल्या देवीच्या मूळ स्थानी फूल वाहू द्यावे. बिणग्याच्या किनाऱ्यावरून हे अंतर आता होडीचेही राहिलेले नाही.